जस्ताचं वाण

दिवाळीचे कंदील उतरून जेमतेम पंधरवडा झाला असेल, तेव्हा महानंदाअक्कांच्या आमटीतलं मीठ हरवलं. निदान सुचेताला तसं वाटलं, आणि सुचेताला एकदा काही वाटलं की त्याचा छडा लागेपर्यंत ती स्वतः झोपत नसे आणि नवऱ्यालाही झोपू देत नसे.

सुचेता पुण्याची. नवऱ्याच्या, म्हणजे अजितच्या बदलीमुळे दीड वर्षापूर्वी ती बेंगळुरूला आली आणि दोघं बसवनगुडीतल्या एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहू लागली. तिची स्वतःची नोकरी घरातूनच चालायची. दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढायच्या, हे तिचं काम. त्यात ती इतकी तरबेज होती की तिचा मेल आला की ऑफिसातले लोक उघडायच्या आधी घोटभर पाणी पीत. खालच्या मजल्यावर घरमालकीण महानंदाअक्का आणि त्यांचे यजमान नागराजअण्णा राहायचे. मूळचे निपाणीकडचे, पण सारा संसार बेंगळुरूत झालेला. घरात मराठी, दारात कन्नड, आणि अक्का रागावल्या की दोन्ही.

अक्कांची एक स्टीलची वाटी रोज संध्याकाळी जिना चढून वर येई. कधी भरली वांगी, कधी आमटी, कधी नुसती शेंगदाण्याची चटणी. वाटी रिकामी परत करायची नाही, हा दोन्ही घरांचा रिवाज, त्यामुळे सुचेताही दुसऱ्या दिवशी तिच्यात आपल्या हातचं काहीबाही घालून ती खाली पोचवी. या वाटीवर तिचा जीव होता. दिवाळीच्या आधी ती आठवडाभर तापानं आणि सर्दीनं आडवी झाली होती आणि अजित नेमका हैदराबादला गेलेला. तेव्हा अक्कांनी पेज करून वर आणली आणि ती पिऊन होईपर्यंत खुर्ची ओढून समोर बसून राहिल्या. सुचेताची त्यांच्यावर तेव्हापासून माया जडली. तिनं हे कुणाला सांगितलं मात्र नाही. घरमालकिणीवर माया जडली म्हटलं असतं तर पुण्याच्या मैत्रिणींनी आधी भाडं विचारलं असतं.

आणि आता त्याच वाटीतली आमटी अळणी लागत होती.

"अजित, आमटीत मीठ नाहीये ना?"

अजित मोबाइलमध्ये बघत जेवत होता. "छान आहे."

"मी मीठ विचारतेय."

"मीठही छान आहे."

अजितच्या साक्षीला तसा काही अर्थ नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात तिनं साखरेच्या जागी मीठ घातलेला शिराही त्यानं छान म्हणून संपवला होता. सुचेतानं मिठाची डबी ओढली, दोनदा भुरभुरलं, आणि मगच घास घशाखाली उतरला.

दुसऱ्या दिवशीची चटणीही तशीच निघाली. तिसऱ्या दिवशीच्या वांग्यांना तर नुसता रंग होता. आठवडाभर हेच चाललं आणि सुचेताची खात्री पटली की अक्कांच्या तोंडाची चव गेली. वय झालं की होतं असं, तिनं मनाशी म्हटलं, आणि तिला फार वाईट वाटलं. ज्या हातांनी तिला पेज पाजली, त्या हातांचा अंदाज सुटावा आणि त्यांना त्याचा पत्ताही नसावा, हा विचार तिला जेवताना छळू लागला.

बरं, गोष्ट घरातल्या घरात राहणारी नव्हती. रथसप्तमीला अक्कांचं हळदीकुंकू असे, आणि ते गल्लीतलं शेवटचं आणि सगळ्यांत मोठं. आजूबाजूच्या सगळ्या मराठी बायका यायच्या, पलीकडच्या चामराजपेट भागातून म्हाताऱ्या ठकुबाई रिक्षा करून यायच्या, आणि अक्का सगळा स्वयंपाक एकहाती करायच्या. आचारी बोलवायचं कुणी सुचवलं की त्या सुचवणाऱ्याकडे अशा बघायच्या की तो विषय बदलायचा. एवढ्या बायकांच्या पानात अळणी जेवण पडलं तर तोंडावर कुणी बोलणार नाही, पण घरी जाताना रिक्षात सगळ्या बोलतील. वर्षानुवर्षं कमावलेलं नाव एका दुपारीत जाईल.

पण सांगायचं कसं? दिवसभर लोकांच्या चुका काढून पोट भरणारी ही बाई, पण अक्कांच्या आमटीला नाव ठेवायची तिची छाती होईना. एकदा ती वाटी परत करायच्या निमित्तानं खाली गेली, घसा खाकरला आणि म्हणाली, "अक्का, कालची आमटी..."

"आवडली काय?" अक्कांनी इतक्या आनंदानं विचारलं की सुचेता "फारच" म्हणून वर आली.

मग तिनं इंटरनेटचा आधार घेतला. तोंडाची चव का जाते, याची कारणं तिथं पायलीभर होती, पण एक तिच्या मनात भरलं. शरीरात जस्त, म्हणजे झिंक कमी पडलं की चव मंदावते. केस गळतात, जखमा लवकर भरत नाहीत, भूक मरते, सर्दी-ताप पुन्हापुन्हा येतो. सुचेतानं प्रत्येक लक्षण अक्कांना लावून बघितलं. चव तर गेलेलीच. केस? अक्कांची वेणी मनगटाएवढी जाड होती, पण त्या तेल भरपूर लावत असतील. भूक? रोज एक भाकरी उरली म्हणत असतात. जखम? तशी दिसत नव्हती, पण वयस्कर माणसं दुखणं लपवतात. एवढं वाचताना तिनं अंगठ्यावरची सुटत आलेली पट्टी दातांनी ओढून काढली आणि नवी लावली. दिवाळीत कोहळा चिरताना कापलेलं ते अजून नीट भरत नव्हतं, आणि टायपिंग करताना फार त्रास व्हायचा.

झालं. जस्त ठरलं. आता कोणतं घ्यायचं?

पुढचे आठ दिवस तिनं त्यात घातले. बाजारात जस्ताचे इतके प्रकार असतील असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. सल्फेट स्वस्त, पण पोटात ढवळतं. ग्लुकोनेट सोसतं. सिट्रेट, पिकोलिनेट यांचे भाट वेगळे. चघळायच्या गोळ्या, पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या, अस्वलाच्या आकाराच्या गोळ्या. डबीवर मोठ्या अक्षरांत आकडा असतो तो अख्ख्या क्षाराचा. त्यातलं नुसतं जस्त किती, ते पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं. कुठे पन्नास म्हणायचं आणि आत जेमतेम सात निघायचं, तर कुठे एका गोळीत तीन दिवसांचं जस्त कोंबलेलं. जास्त झालं तरी पंचाईत, कारण जस्त फार दिवस फार घेतलं तर अंगातलं तांबं कमी होतं. रिकाम्या पोटी घ्यायचं नाही, मळमळतं. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घ्यायचं नाही, चहा-कॉफीबरोबर तर नाहीच, कारण मग ते अंगी लागत नाही. हे सगळं सुचेतानं सकाळची लोहाची, कॅल्शियमची आणि मल्टीव्हिटॅमिनची गोळी कॉफीच्या एकाच घोटाबरोबर गिळत वाचलं आणि तिला त्यात काही खटकलं नाही.

"फ्रिज घेताना तू एवढं बघितलं नव्हतंस," अजित म्हणाला.

"फ्रिज पोटात जात नाही."

अजित डबा न घेताच ऑफिसला निघाला. हल्ली तो घरी जेवायचाही कमीच. ऑफिसात जेवण चांगलं मिळतं म्हणायचा. महिन्याभरापूर्वी ऑफिसातल्या तपासणीत त्याचं ब्लडप्रेशर थोडं वर निघालं होतं आणि मीठ कमी करा म्हणून सांगितलं होतं. त्यावर सुचेता म्हणाली होती, "बरंच झालं, अक्कांचंच जेवत जा." अजितनं मान इतक्या उत्साहानं हलवली की तिला नवलच वाटलं.

गांधी बाजाराजवळच्या औषधाच्या दुकानात तिनं एकामागून एक डब्या उलट्या करून वाचल्या. दुकानदार निवांत उभा होता. शेवटी तिनं मध्यम ताकदीची, ग्लुकोनेटची, वर कसलाही सिंह किंवा पैलवान नसलेली एक साधी डबी निवडली.

"ही द्या. एक," ती म्हणाली आणि तिथंच घोडं अडलं. अक्कांच्या हातात ही ठेवायची काय म्हणून? तुमची चव गेलीय, ही घ्या? दुकानाच्या काउंटरवर तिळाच्या वड्यांचं पाकीट होतं, संक्रांत जवळ आली होती, आणि सुचेताच्या डोक्यात दिवा लागला. वाण! हळदीकुंकवाचं वाण कुणी नाकारत नाही आणि मलाच का, म्हणून कुणी विचारत नाही. सगळ्यांना एकच वस्तू. सगळ्यांत अक्काही.

"एक नको. पंचवीस द्या," ती म्हणाली.

दुकानदारानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हॉस्टेल आहे का मॅडम?"

"हळदीकुंकू."

तो काय समजला कोण जाणे, पण "डॉक्टरला विचारून घ्यायला सांगा सगळ्यांना" एवढं म्हणून त्यानं खोकं काढून दिलं. तो सल्ला सुचेतानं ऐकला आणि पर्समध्ये सुटे पैसे टाकावे तसा कुठंतरी टाकून दिला.

सुचेताचं बेंगळुरूतलं ते पहिलं हळदीकुंकू. तिनं हौसेनं सगळं केलं. कापडाच्या छोट्या पिशव्या शिवून घेतल्या, प्रत्येकीत एक डबी आणि दोन तिळाच्या वड्या घातल्या. अक्कांच्या पिशवीला तिनं हिरवा दोरा बांधला. बाकीच्यांना लाल. हरभऱ्याची उसळ केली, त्यावर भोपळ्याच्या बिया पेरल्या, कारण हरभरा, तीळ, बिया या सगळ्यांतही जस्त असतं, आणि उसळ चांगली चमचमीत व्हावी म्हणून चाखून चाखून, पुन्हा पुन्हा मीठ घालून मनासारखी केली.

बायका आल्या. ठकुबाई ऐंशीच्या पुढच्या, पण जिना कुणाचा हात न धरता चढल्या. शेजारची शिवलीला बँकेतून अर्धी रजा टाकून आली. उसळ वाटली गेली आणि खोली एकदम शांत झाली. सुचेताला वाटलं, आवडली. ठकुबाईंनी पाणी मागितलं, मग पुन्हा मागितलं, आणि उन्हातून आलेय म्हणाल्या. मग सुचेतानं पदर खोचून वाणाची ओळख करून दिली.

"जस्त?" ठकुबाई म्हणाल्या. "बादलीचं असतं ते?"

"तेच आजी, पण हे खायचं." सुचेतानं मग सगळं सांगितलं. प्रतिकारशक्ती, जखमा, केस, आणि विशेष म्हणजे तोंडाची चव. हे सांगताना ती अक्कांकडे बघायचं कटाक्षानं टाळत होती. "कधीकधी काय होतं, आपल्या तोंडाची चव गेलेली असते आणि आपल्यालाच कळत नाही. घरचे बिचारे बोलत नाहीत. आपण आपलं मीठ चुकवत राहतो."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शिवलीलेला ठसका लागला. सुचेता अंगठ्याची पट्टी दाबत पुढं बोलत राहिली, "जेवण झाल्यावर घ्यायची. कॉफीबरोबर मात्र नाही."

"कॉफी सोडायची?" अक्का पहिल्यांदाच बोलल्या. "स्वल्प विचार करून सांग की गं. ही बसवनगुडी आहे."

सगळ्या हसल्या आणि सुचेताचा जीव भांड्यात पडला. हिरव्या दोऱ्याची पिशवी अक्कांच्या हातात गेली होती. रथसप्तमीपर्यंत दिवस होते.

पण वाटीत काही फरक पडेना. रोज संध्याकाळी ती आशेनं झाकण उघडी आणि रोज तेच, गरम पाण्यात रंग कालवल्यासारखं. त्यातून दुसरीच एक गोष्ट घडू लागली. शिवलीलेकडे हळदीकुंकू झालं, तिथं बाकीच्यांना प्लॅस्टिकचे डबे मिळाले आणि सुचेताच्या हातात तिचीच जस्ताची डबी आली, सोबत तिळाचे लाडू. ठकुबाईंकडे चामराजपेटला गेली, तिथंही तेच. बाकीच्यांना चाळण्या, हिला डबी, आणि पुरचुंडीत सोललेल्या भोपळ्याच्या बिया. वाण फिरतं हे सुचेताला ठाऊक होतं. पुण्यात तिच्या मावशीकडे एक स्टीलचा डबा तीन घरं फिरून परत आला होता. पण जिनं दिलं तिलाच ते परत द्यायचं म्हणजे कमाल झाली. एवढा अभ्यास करून, एवढ्या जिवानं निवडलेली वस्तू बायकांनी कपाटात टाकायचीसुद्धा तसदी घेतली नाही. घरोघरी हेच झालं, कपाटातल्या डब्या वाढत गेल्या आणि सुचेता घुसमटत गेली.

रथसप्तमी आली. अक्कांच्या घरी पानं मांडली गेली. सुचेतानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. काही म्हणजे काही लागत नव्हतं. आता बायका तोंडं वाकडी करणार म्हणून तिनं धसकून आजूबाजूला बघितलं, तर ठकुबाई बोटं चाटत होत्या. शिवलीला तिसऱ्यांदा आमटी मागत होती. "अक्का, दरवर्षी कसं काय हो असं जमतं?" कुणीतरी म्हणालं. काय ही माणसं, सुचेतानं मनात म्हटलं. एवढं खोटं इतक्या सहज बोलतात. तिनं गुपचूप पानातल्या मिठाचा सगळा ढीग भातात कालवला. समोरून अक्का बघत होत्या.

मग वाण आलं. बाकीच्यांना पितळी निरांजनं मिळाली. सुचेताच्या ओटीत अक्कांनी हिरव्या दोऱ्याची पिशवी ठेवली.

बायका पांगल्या, ठकुबाईंची रिक्षा गेली, तरी सुचेता वर गेली नाही. खरकटी भांडी गोळा करायला लागली आणि दुसऱ्या पातेल्यावरच तिचे डोळे भरून आले.

"काय गं, काय झालं?" अक्का म्हणाल्या.

"अक्का, राग मानू नका. माझं वाण तुम्ही मलाच परत दिलंत."

"होय, दिलं."

"दोरासुद्धा सोडला नाहीत." सुचेतानं नाक पुसलं. "बाकी सगळ्या डब्या मी तुमच्या एकटीसाठी वाटल्या हो. तुमच्या तोंडाची चव गेलीय अक्का. दिवाळीपासून तुमच्या स्वयंपाकात मीठ नाहीये. आज एवढ्या बायकांपुढं... मला नुसती धास्ती होती. तुम्हाला तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून हे सगळं."

अक्कांनी हातातलं ताट खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. आत गेल्या आणि मिठाची बरणी घेऊन आल्या. तिच्यातला एक चांगला मोठा खडा त्यांनी सुचेताच्या तळहातावर ठेवला.

"जिभेवर ठेव."

सुचेतानं ठेवला. खडा जिभेवर बसला, हळूहळू विरघळायला लागला. ती वाट बघत राहिली. बऱ्याच वेळानं कुठंतरी लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखी थोडीशी खारट जाणीव झाली, आणि तीही गेली.

"कसं लागलं?"

"खड्यासारखं," सुचेता म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला.

"बस इथं," अक्का म्हणाल्या आणि स्वतःही शेजारी बसल्या. "तुझी वाटी खाली यायची ना, त्यातलं खाल्लं की आमचे हे माठ रिकामा करायचे. त्यांना बीपी. टाकवेना, तू मायेनं करतीस. मग मी काय करायची, तुझी वाटीभर भाजी माझ्या पातेलंभर भाजीत घालायची. वेगळं मीठ घालायला लागत नव्हतं बघ."

"अक्का..."

"थांब की, ऐक. त्या दिवशी तुझ्या उसळीनं ठकुबाईंचा घसा घरी जाईस्तोवर सुकलेला. आणि तू आम्हाला सांगतीस, चव जाते, केस गळतात, जखम भरत नाही. सांगताना अंगठ्याला पट्टी. दिवाळीची. तुझ्या जिन्यातले केस मी रोज झाडते. आम्हा सगळ्यांना तिथंच समजलं. पण तुला सांगायचं कुणी? नवी पोरगी, पहिलं हळदीकुंकू, एवढ्या हौसेनं केलेलं. तेव्हा शिवलीला म्हणाली, तिची डबी तिलाच वाण म्हणून देऊ या. वाणाला कुणी नको म्हणत नाही."

दुकानाच्या काउंटरपाशी उभं राहून सुचेतानं स्वतः जो विचार केला होता, तोच या बायकांनी जिना उतरता उतरता केला होता.

"म्हणजे सगळ्यांनी ठरवून?"

"सगळ्यांनी. आणि ठकुबाईंनी त्या बिया स्वतः सोलल्या, नखं दुखेपर्यंत. तू घेत असशील असं वाटलं आम्हाला. आज तुला पानातलं मीठ कालवताना बघितलं, तेव्हा म्हटलं, नाही, ही पोरगी डब्या कपाटात ठेवून रुसून बसलीय."

सुचेताला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग हसू आलं, आणि मग ती अक्कांच्या खांद्यावर डोकं टेकून मनसोक्त रडली. ती या शहरात स्वतःला एकटी समजत होती, आणि इथं चामराजपेटपर्यंतच्या बायका तिच्या जिभेची काळजी करत बसल्या होत्या. इतकं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं अजितला समोर बसवलं. "खरं सांग. माझा स्वयंपाक कसा होतो?"

अजितनं मोबाइल पालथा ठेवला. "तू तापातून उठली होतीस," तो म्हणाला. "म्हटलं, होईल हळूहळू. तुला वाईट वाटलं असतं."

"आणि तुझं बीपी?"

"ते छान आहे," अजित म्हणाला आणि सुचेतानं त्याच्या पाठीत उशी घातली.

दुसऱ्या दिवशी अक्का तिला हाताला धरून डॉक्टर भीमाचार्यांकडे घेऊन गेल्या. म्हातारे डॉक्टर, गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या टॉन्सिलची त्यांना आठवण. त्यांनी जीभ बघितली, अंगठा बघितला, रक्त तपासून घेतलं आणि दोन दिवसांनी सांगितलं, "जस्त कमी आहे थोडं. पण सगळं त्याच्या माथी मारू नका. तसल्या तापानंतर चव कधीकधी काही महिने रुसते. सकाळी काय घेता?"

सुचेतानं लोह, कॅल्शियम, मल्टीव्हिटॅमिन आणि कॉफीचं नाव घेतलं. बोलता बोलता तिचं तिलाच सगळं आठवलं आणि आवाज बारीक होत गेला.

"सगळी एका दारातून एकदम आत ढकलता, मग आत कोण जाणार?" डॉक्टर म्हणाले. "वेगवेगळ्या वेळी घ्या. ही गोळी दुपारच्या जेवणानंतर. डबी चांगली निवडलीय. दोन महिन्यांनी दाखवा, मनानं पुढं चालू ठेवू नका. बाकीच्या वाटलेल्या डब्या कुणी खाल्ल्या?"

"कुणी नाही. सगळ्या मलाच परत आल्या."

"शहाण्या बायका. ज्याला कमी नाही त्यानं खाऊन काय करायचं?"

घरी येताना अक्कांनी जिन्याच्या पायथ्याशी आपली अट सांगितली. "वाटी रोज वर येणार. तू रोज चाखायची आणि खोटं बोलायचं नाही. ज्या दिवशी माझ्या हातच्याला नाव ठेवशील, त्या दिवशी मी समजेन की तू बरी झालीस. तोवर तुझी वाटी रिकामी आली तरी चालेल."

आठवडे गेले. अक्का रोज खालून विचारायच्या, "काय, कसं झालंय?" आणि सुचेता खरं ते सांगायची, "काही कळत नाही अक्का." मग एकदा लिंबाची फोड आंबट लागली. अंगठ्याची पट्टी सुटली ती पुन्हा लावावी लागली नाही. ठकुबाई फोन करून चौकशी करायच्या, "बादली खातीस ना गं वेळेवर?"

बाजारात कैऱ्या आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी सुचेता ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. कॅमेरा बंद ठेवून तिनं वाटीत भाकरी बुडवली, घास तोंडात घातला आणि बोलता बोलता थांबली. पलीकडून कुणीतरी दोनदा विचारलं, ऐकू येतंय का म्हणून. तिनं दुसरा घास घेतला, अगदी सावकाश. मग वाटी उचलली आणि मीटिंग तशीच चालू टाकून अनवाणी जिना उतरली.

अक्का ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होत्या.

"अक्का," सुचेताला धाप लागली होती, "आज आमटीत मीठ जास्त झालंय. स्वल्प नाही, चांगलंच जास्त."

अक्कांनी पातेल्यातली आमटी पळीनं हातावर घेऊन चाखली. "होय की. फोनवर बोलताना दोनदा घातलं वाटतं." त्यांनी पळी खाली ठेवली, पदरानं डोळे टिपले आणि खिडकीतून शेजारी हाक मारली, "शिवलीला, ऐकलंस काय गं? पोरीनं माझ्या आमटीला नाव ठेवलं."